पिकअपचा टायर घेताना आधी आकडे वाचा
रावेर-सावद्याहून केळी भरून पिकअप निघाली की बहुतेक भार मागच्या टायरांवर येतो. म्हणून नक्षी नंतर, आधी लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो ते सांगणारा आकडा, बघा: १०० म्हणजे एका टायरला ८०० किलो, १०८ म्हणजे १००० किलो. गाडीच्या पुस्तिकेत दिलाय त्यापेक्षा कमी घेऊच नका, कितीही स्वस्त मिळाला तरी.

मग टायरच्या कडेवर डीओटी (DOT) या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार आकडे, म्हणजे टायर कधी बनला ते. ‘१२२५’ म्हणजे २०२५चा बारावा आठवडा. दुकानदार घाई करेल, पण वाकून वाचाच. वर्षानुवर्षं पडून राहिलेला टायर दिसतो नवाकोरा, पण रबर कडक झालेलं असतं, कडेला केसासारख्या बारीक भेगा असतात. मे महिन्यात जळगावचं डांबर तापलं की भरल्या गाडीत असाच टायर दगा देतो.

हवा सकाळी, टायर थंड असतानाच तपासा.