स्वतःचा क्यू घेतलाय? मग आधी पुसायची सवय लावा

स्नूकर-पूलच्या पार्लरमधल्या वाकड्या स्टिकने खेळून कंटाळा आला की माणूस शेवटी स्वतःचा क्यू, म्हणजे खेळायची स्टिक, घेतो, आणि घेतला की पहिल्याच महिन्यात याला काय काय लावता येईल ते शोधायला लागतो. तेल, वॅक्स, पावडर, पॉलिश पेपर. माझं मत उलट आहे. क्यू खराब होतो तो बहुतेक वेळा जास्तीच्या लाडाने, आणि टिकतो तो रोजच्या दोन मिनिटांच्या पुसण्याने.

मी हे नुकसान करून शिकलोय. पहिला ॲश लाकडाचा स्नूकर क्यू होता, शाफ्ट (क्यूचा पुढचा निमुळता भाग) हाताला चिकटायला लागला म्हणून घरात पडलेला रफ पॉलिश पेपर घेऊन घासला, मस्त गुळगुळीत झाला, दोन महिन्यांनी परत चिकटला, परत घासला, असं वर्षभर चाललं. मग एकदा शॉट घेताना बोटाला काहीतरी लागतंय असं वाटलं म्हणून नीट बघितलं, तर लाकूड झिजून बारीक झालेलं आणि पितळी फेरूलची, म्हणजे क्यूच्या टोकावरच्या कडीची, कड वर आलेली, चक्क नख अडकत होतं. झिजलेलं लाकूड काही परत येत नाही.

शाफ्ट चिकटतो तो घामाने, हाताच्या तेलकटपणाने आणि टिपेला, म्हणजे टोकाच्या चामडी चकतीला, लावायच्या चॉकच्या भुकटीने. त्यामुळे खेळायच्या आधी साबणाने हात धुऊन कोरडे करा, वडापाव खाऊन थेट टेबलावर जाऊ नका, याने निम्मं काम होतं. खेळून झालं की कोरड्या सुती कापडाने वरून खालपर्यंत पुसायचं. जुना बनियन चालतो, मायक्रोफायबर असेल तर उत्तम. आठवड्यातून एकदा कापड ओलं करून अगदी घट्ट पिळायचं, पाणी दिसता कामा नये, शाफ्टवर एकदाच फिरवायचं आणि लगेच कोरड्याने पुसायचं. नंतर साध्या कोऱ्या कागदाची घडी शाफ्टभोवती धरून जोरात वरखाली चोळा, हाताला ऊब लागेपर्यंत. ओलाव्याने उठलेले बारीक तंतू त्याने बसतात आणि चिकटपणा जातो. पावसाळ्यात लोकं टाल्कम पावडर लावतात, पण घामात तिचा चिखल होतो आणि तो टेबलाच्या कापडावरही जातो, त्यापेक्षा ग्लोव्ह घाला.

तेलाच्या बाबतीत आधी आपला क्यू कसला आहे ते बघा. स्नूकरचा शाफ्ट सहसा ॲशचा, टिप ९.५ मिमीच्या आसपास. पूलचा सहसा मेपलचा, टिप १२-१३ मिमी. ॲशला वर्षातून एक-दोनदा जवसाचं कच्चं तेल लावतात, चार-पाच थेंबच, कापडावर घेऊन चोळायचं, जास्तीचं पुसून काढायचं आणि रात्रभर ठेवून सकाळी परत कोरडं पुसायचं. पेंटवाले वापरतात ते डबल बॉइल तेल घेऊ नका. मेपलला तेलाची गरज नाही, आणि खोबरेल तर कशालाच लावू नका. एक महत्त्वाचं, तेलाचा बोळा चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, जवसाचं तेल वाळताना गरम होतं आणि बोळा पेटू शकतो, मोकळा पसरून वाळवा आणि मगच फेका.

आता आपल्याकडचा खरा शत्रू, दमट हवा आणि मे महिन्यातली गाडी. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत क्यू ठेवला तर लाकूड वाकू शकतं, गोंद सुटू शकतो. भिंतीला तिरका टेकवून ठेवायची सवय तर आधी मोडा. केसमध्ये आडवा ठेवा नाहीतर स्टँडला सरळ उभा. पावसात बाइकवरून आलात की केस बाहेरून पुसून तसंच कपाटात टाकू नका, उघडा, क्यू बाहेर काढा, केसचं अस्तर पंख्याखाली वाळू द्या. बुटाच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या केसमध्ये टाकून ठेवा. क्यूचे तुकडे जोडायच्या जॉइंटचे आटे कोरडे पुसा, हाताने बसेल एवढंच आवळा.

क्यू वाकलाय का हे बघायला लोकं टेबलावर लोळवतात. हाताने घडवलेला निमुळता क्यू सरळ असूनही थोडा उड्या मारतो, त्यावर जाऊ नका. बटाकडून, म्हणजे मागच्या जाड टोकाकडून, एक डोळा मिटून टिपेकडे बघा आणि हळूहळू फिरवा, वाक असेल तर एका बाजूला दिसतोच.

टेबलाच्या कडेवर आपटून शाफ्टला खोच पडली तर तिथेही पॉलिश पेपर नको. कापसाचा छोटा ओला बोळा खोचेवर दहा-पंधरा मिनिटं ठेवा, दबलेलं लाकूड पाणी पिऊन फुगतं आणि खोच बरीचशी भरते. पूर्ण वाळल्यावर कागदाने चोळा. तंतू तुटलेले असतील तर मात्र भरणार नाही.

राहिली टिप, आणि खेळ सगळा तिच्यावर. चॉक हलक्या हाताने बाजूने फिरवायचा, ड्रिल मशीनसारखा गरगर नाही, त्याने चॉकला खड्डा पडतो आणि त्याची कड फेरूल घासत राहते. पूलच्या टिपेचा गोलावा साधारण सध्याच्या एक रुपयाच्या नाण्याच्या कडेएवढा ठेवा, नाणं मागे धरून बघितलं की कळतं. टिप चपटी, चकचकीत झाली की चॉक धरत नाही आणि बॉल घसरतो, तेव्हा टिप शेपरने थोडी खरवडा, थोडीच.

फार बसली की बदला. आमच्या क्लबचे मार्कर काका (टेबलं आणि स्कोअर सांभाळणारे) बदलतात ते बघण्यासारखं असतं. जुनी टिप ब्लेडने कापली की फेरूलवरचा जुना गोंद खरवडून ते नखाने तपासतात, एक कण राहिला तरी परत खरवडतात. मग नव्या टिपेचा तळ सपाट पॉलिश पेपरवर दोन-चार वेळा घासून खरखरीत करतात, गोंदाचा एक थेंब, मधोमध बसवून दाबून धरायचं. सुकल्यावर क्यू उलटा करून टिप फळीवर टेकवतात आणि ब्लेडने बाहेर आलेली कड वरून खाली थोडी थोडी कापत जातात, क्यू फिरवत. शेवटी कडेला थुंकीचं बोट लावून जाड कागदाने घासतात, कड कडक होते. नवी टिप पहिल्या दोन-तीन दिवसांत दबून बाजूला फुगते, तेव्हा तीच कड परत एकदा कापून घ्यायची.