अंबाडीचा बुंधा कुजत होता, तो असा थांबला

नागपुरात जुलैच्या झडीत अंबाडीची वीतभर रोपं एकाएकी माना टाकतात. पाणी कमी पडलं समजून आणखी ओतू नका. आधी बुंधा बघा. जमिनीलगत तपकिरी, मऊ झाला असेल तर ती बुरशीची कूज. काळी माती पाणी धरून बसते, मुळांना हवा मिळत नाही आणि बुरशीचं फावतं.

गादीवाफ्यावर लावल्यावर हे थांबलं. वाफा 20 सेंटिमीटर उंच, 1 मीटर रुंद. दर चौरस मीटरला दोन घमेली कुजलेलं शेणखत. मूठभर वाळूने काही होत नाही, उगाच खर्च. बी 1 ते 2 सेंटिमीटर खोल टाकायचं. विरळणीत भाजीसाठी 20 आणि बोंडांसाठी 60 सेंटिमीटर अंतर ठेवायचं. कुजलेलं रोप मुळासकट उपटून लांब टाका. बाकीच्यांच्या बुंध्याला मातीची भर नको.

हातभर वाढली की शेंडे खुडा. फांद्या फुटतात, भाजीही होते.

बोंडं मात्र दिवस लहान झाल्यावरच. रस्त्यावरच्या दिव्याखालचं झाड म्हणूनच उशिरा फुलतं. शेंड्यांवर पिठ्या ढेकूण, म्हणजे पांढरी कापसासारखी कीड, दिसला तर लिटरभर पाण्यात 5 मिलि कडुनिंबाचं तेल आणि थोडं साबणाचं पाणी, संध्याकाळी फवारायचं. मुंग्याही हटवा, त्याच त्याला फांदीफांदीवर नेतात.