लिबरल आर्ट्सची असोसिएट पदवी : कमाई आणि कर्जाचा हिशेब करताना या चुका टाळा

हायस्कूलचं शेवटचं वर्ष आलं की एडिसनपासून फ्रीमाँटपर्यंतच्या मराठी घरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं : "आधी दोन वर्षं कम्युनिटी कॉलेज करते, लिबरल आर्ट्स घेते, मग बघू." मग आई-बाबा अमेरिकी शिक्षण खात्याची 'कॉलेज स्कोअरकार्ड' ही वेबसाइट उघडतात; तिथे कॉलेज आणि अभ्यासक्रमानुसार कमाई आणि कर्जाचे आकडे असतात. एक जण कमाईचा आकडा बघून कपाळाला हात लावतो, दुसरा कर्जाचा आकडा बघून म्हणतो, "एवढंच ना? घेऊन टाकू." दोघांचंही गणित कच्चं आहे.

कमाईचा आकडा म्हणजे पदवीची किंमत, असं समजणं

स्कोअरकार्डमधल्या कमाईत फक्त नोकरी करणारे आणि त्या वेळी शिकत नसलेले धरले जातात, तेही सरकारी मदत घेतलेल्यांपैकीच. आता लिबरल आर्ट्सची असोसिएट पदवी मुळात कशासाठी असते? साधारण ६० क्रेडिट (अभ्यासाचे गुणांक) म्हणजे दोन वर्षांचा अभ्यास करून चार वर्षांच्या कॉलेजात तिसऱ्या वर्षाला जाण्यासाठी. म्हणजे जी मुलगी मोजणीच्या वर्षी रटगर्ससारख्या चार वर्षांच्या विद्यापीठात शिकतेय, ती या आकड्यात नाहीच. तो आकडा मुख्यतः असोसिएटवरच थांबलेल्यांचा आहे. आणि काही अभ्यासक्रमांसमोर रकाना रिकामा दिसतो, त्याचा अर्थ विद्यार्थी कमी होते एवढाच. अभ्यासक्रम वाईट, असा नाही.

पण म्हणून "आमची तर पुढे जाणारच" म्हणून निर्धास्त राहू नका. देशभरात कम्युनिटी कॉलेजात पाऊल ठेवणाऱ्यांपैकी साधारण एक तृतीयांश चार वर्षांच्या कॉलेजात जातात, आणि सहा वर्षांत बॅचलर्स हातात पडते ती शंभरातल्या सोळाएक जणांच्या. थांबणारे तुमच्या-आमच्या घरातलेही असू शकतात.

सगळ्या असोसिएट पदव्यांची सरासरी आपल्याला लावणं

अमेरिकी कामगार आकडेवारी विभागाच्या २०२४च्या आकड्यांत पूर्णवेळ काम करणाऱ्यांची मधली (मीडियन) साप्ताहिक कमाई अशी : फक्त हायस्कूल ९३० डॉलर, असोसिएट १,०९९, बॅचलर्स १,५४३. हायस्कूल आणि असोसिएटमधला १६९ डॉलरचा फरक बघून बरं वाटतं. मात्र त्या असोसिएटमध्ये नर्सिंग, डेंटल हायजिन, एक्स-रे तंत्रज्ञ असे सगळे एकाच टोपलीत आहेत. त्यांच्या हातात परवाना असतो, लिबरल आर्ट्सवाल्याच्या हातात नसतो. तेव्हा तुलना करायची ती त्याच कॉलेजच्या त्याच अभ्यासक्रमाची, आणि आपल्या राज्यातल्या फक्त हायस्कूल झालेल्या तरुणांच्या कमाईशी. २०२५च्या नव्या कायद्याने सरकारही हीच कसोटी लावणार आहे : तीनपैकी दोन वर्षं जो अभ्यासक्रम तिच्यात नापास होईल, त्याला सरकारी कर्ज बंद.

"हप्ता झेपतो ना, मग झालं!"

पालकांवर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्याला सरकारी कर्ज पहिल्या वर्षी ५,५०० आणि दुसऱ्या वर्षी ६,५०० डॉलरपर्यंत मिळतं. दोन्ही पूर्ण घेतली तर १२,०००. २०२५-२६च्या ६.३९ टक्के व्याजदराने दहा वर्षांसाठी महिन्याला सुमारे १३६ डॉलर. वर्षाला ३०,००० डॉलर कमावणाऱ्यालाही हा साडेपाच टक्क्यांच्या आसपास बसतो. झेपतो, खरंय. पण पदवीशिवायही त्याच दुकानात तेच ३०,००० मिळणार असतील, तर हे १३६ डॉलर दरमहा कशाचे भरायचे?

शिवाय स्कोअरकार्डवरचं कर्ज हे फक्त कर्ज घेतलेल्यांचं, फक्त विद्यार्थ्याच्या नावावरच्या सरकारी कर्जाचं. खासगी बँकेचं कर्ज त्यात नाही, बाबांच्या नावावरचं पॅरेंट प्लस, म्हणजे पालकांना मिळणारं सरकारी कर्जही नाही.

क्रेडिट 'घेतलं' म्हणजे 'चाललं' असं मानणं

सगळ्यात महागात पडते ती ही चूक, आणि ती कमाई-कर्जाच्या कुठल्याच रकान्यात दिसत नाही. चार वर्षांचं कॉलेज तुमची ६० क्रेडिट मान्य करतं, पण त्यातली बरीच नुसती 'इलेक्टिव्ह', म्हणजे ऐच्छिक विषय म्हणून टाकतं. कागदावर ६० दिसतात. मेजरसाठी, म्हणजे मुख्य विषयासाठी हवं ते कॅल्क्युलस किंवा अकाउंटिंग मात्र झालेलंच नसतं. मग दोनाऐवजी तीन वर्षं.

त्या जादा वर्षाचे पैसे कुठून येतात ते बघा. तिसऱ्या आणि चौथ्या वर्षी ७,५००, म्हणजे चार वर्षांत २७,००० डॉलर झाले. अशा विद्यार्थ्याची एकूण मर्यादा ३१,०००. पाचव्या वर्षासाठी उरतात फक्त ४,०००! बाकीचं खासगी कर्जातून किंवा बाबांच्या खात्यातून.

न्यू जर्सीत २००८पासून राज्यव्यापी ट्रान्सफर करार आहे. तिथल्या कम्युनिटी कॉलेजची एए (असोसिएट इन आर्ट्स) किंवा एएस (असोसिएट इन सायन्स) पदवी राज्याच्या सरकारी विद्यापीठात निम्म्या बॅचलर्सइतकी धरली जाते. कॅलिफोर्नियात 'असोसिएट डिग्री फॉर ट्रान्सफर' घेतली तर कॅल स्टेट या सरकारी विद्यापीठात प्रवेशाची हमी मिळते, मात्र तुमच्या पसंतीच्या कॅम्पसची किंवा मेजरची नाही. पदवीपुढे एएएस (असोसिएट इन अप्लाइड सायन्स) लिहिलेलं असेल तर सावध व्हा : ती थेट नोकरीसाठी असते. पहिल्याच सत्रात ट्रान्सफर सल्लागाराकडे जा आणि "क्रेडिट मिळेल का?" असं मोघम विचारू नका. "या मेजरसाठी हा कोर्स कशाच्या जागी चालेल?" असं विचारा, आणि उत्तर ईमेलवर घ्या.

कर्ज काढून मधेच सोडणं

यावर फार लिहायला नको. कर्ज थकवणाऱ्यांत मोठ्या रकमावाल्यांपेक्षा थोडं कर्ज काढून पदवी न घेता बाहेर पडलेलेच जास्त असतात. अर्धवेळ शिकणार असाल तर पहिलं वर्ष ग्रँटवर, म्हणजे परत न करायच्या मदतीवर निभतंय का ते पाहा. त्यासाठी फाफ्सा, म्हणजे सरकारी मदतीचा अर्ज, लवकर भरा, "आपल्याला कुठे मिळणार" म्हणून सोडून देऊ नका.

एच-४वरच्या मुलांसाठी हेच आकडे वापरणं

एच-४ म्हणजे एच-१बीसारख्या नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा. या मुलांना फेडरल म्हणजे केंद्र सरकारची ग्रँट नाही, फेडरल कर्ज नाही, आणि नोकरीही करता येत नाही. त्यामुळे स्कोअरकार्डच्या कर्जाच्या रकान्याचा त्यांना उपयोग नाही. एकविसाव्या वर्षी एच-४ संपतो. पुढे एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा घेतला तर फीचा दर बदलतो का, हे कॉलेजला आधीच विचारून ठेवा. एच-१बीला किमान बॅचलर्स किंवा तिच्या तोडीची पात्रता लागते. अशा घरात 'लिबरल आर्ट्स घेऊ, मग बघू' परवडत नाही. पुढचं कॉलेज आणि मेजर ठरवूनच पहिल्या सत्राचे कोर्स निवडा.