एनएसएस केलंय ना, मग ते पुढे नोकरीत आणि गावात कामाला येईल असं करा

ॲडमिशनच्या गडबडीत एनएसएसचा (राष्ट्रीय सेवा योजनेचा) फॉर्म बरेच जण भरतात आणि दोन वर्षांनी सर्टिफिकेट फाइलला लावून विसरून जातात, याचं मला खरंच वाईट वाटतं. 1969 ला गांधीजींच्या जन्मशताब्दीत ही योजना सुरू झाली, वर्षाला 120 तास, दोन वर्षांत 240, आणि शिवाय गावात सात दिवसांचं शिबिर. हे तास कशात घालवायचे ते बऱ्यापैकी तुमच्याच हातात असतं.

शिबिरात समित्या वाटतात तेव्हा सगळे सांस्कृतिककडे पळतात, तुम्ही भोजन समिती मागून घ्या. सात दिवसांचा शिधा काढायचा, तालुक्याच्या बाजारातून आणायचा, बिलं जपायची, रात्री गॅस संपला तर सोय करायची आणि ठरलेल्या पैशात सगळं बसवून शेवटी सरांना हिशोब द्यायचा. इंटरव्ह्यूमध्ये "जबाबदारी घेतली होती का कधी" असं विचारतात ना, तेव्हा सांगायला हेच असतं.

शिबिरात गावातला घरोघरचा सर्व्हे असेल तर तो नीटच करा. "शौचालय आहे? हो" अशी टिक मारून पुढच्या दारात जाऊ नका, वापरता का, पाणी कुठून येतं, कोण भरतं हे पण विचारा. दुपारी माणसं शेतात असतात म्हणून संध्याकाळी जा, आणि टीममध्ये मुली पाहिजेतच, नाहीतर घरातला पुरुषच बोलत राहतो आणि पाणी भरणारी बाई चुलीपाशीच राहते. पुढे पत्रकारिता करा, बँकेत जा नाहीतर एमपीएससी करून तहसील ऑफिसात बसा, समोरच्याला बोलतं करायची ही सवय रोज लागते.

श्रमदानात वनराई बंधारा असेल तर (सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून रचतात तो) जागा गावातल्या जुन्या शेतकऱ्याला विचारून ठरवा, ओढा वाहता असेल तरच त्याचा उपयोग, फोटोसाठी कोरड्यात बांधू नका प्लीज.

आणि हे कुणी करत नाही म्हणून मुद्दाम सांगतोय, शिबिर संपलं की गावाशी संबंध तोडू नका. शिबिरं बहुतेक डिसेंबर-जानेवारीत होतात आणि 26 जानेवारीला ग्रामसभा असते, सरपंचांना आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) विचारून जा, मागे बसून ऐका, सर्व्हेतले आकडे पंचायतीला देऊन या. पाण्याचा विषय कसा निघतो, कोण अडवतं, ठराव कसा लिहितात, हे वर्गात बसून कळत नाही.

रेझ्युमेत नुसतं "एनएसएस व्हॉलंटियर" लिहू नका, किती घरांचा सर्व्हे, किती जणांचं जेवण, किती खर्च सांभाळला ते लिहा. हेच काम पुढे करावंसं वाटलं तर गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेचा 'निर्माण' हा तरुणांसाठीचा उपक्रम आहे, त्याची निवड प्रक्रिया बघून ठेवा. नोकरी पुण्या-मुंबईत लागली तरी गावातल्या दोन-तीन जणांचे नंबर ठेवा, आणि त्यांच्या पोराला कॉलेजचा नाहीतर स्कॉलरशिपचा फॉर्म भरायचा असला की फोन उचला.