विद्यापीठातलं सॉफ्टवेअर जपून ठेवताना या चुका टाळा

पीएच.डी. संपवून विद्यार्थी बाहेर पडतो तेव्हा त्याच्या नो ड्यूजच्या फॉर्मवर ग्रंथालयाची सही लागते, वसतिगृहाची लागते, लॅबमधल्या सामानाचाही हिशेब होतो. चार-पाच वर्षं खपून लिहिलेला कोड मात्र कुणी मागत नाही. तो त्याच्या लॅपटॉपवर राहतो, गिटहब या कोड ठेवायच्या साइटवरच्या खासगी खात्यात राहतो, नाहीतर लॅबच्या कोपऱ्यातल्या एखाद्या पीसीत. पुढे एखादी कंपनी परवाना मागायला येते, किंवा पेपरचे परीक्षक निकाल पुन्हा काढून दाखवा म्हणतात, आणि शोधाशोध सुरू होते. हे संशोधन बरेचदा जनतेच्या पैशांतून झालेलं असतं. त्यातून निघालेलं सॉफ्टवेअर असं हरवावं, हे मनाला लागतं. म्हणून पहिली सूचना हीच: नो ड्यूजच्या फॉर्मवर ‘सोर्स कोड जमा’ अशी एक ओळ वाढवा आणि गाईडची सही त्याखाली घ्या.

रोजच्या बॅकअपलाच संग्रह समजणं

रोजचा बॅकअप आजची स्थिती उतरवून घेतो. आज चुकून फाईल उडाली, तर काही दिवसांत ती बॅकअपमधूनही जाते. संग्रहातली प्रत गोठवलेली असते; तिच्यावर पुन्हा लिहिता येत नाही.

डिसेंबर २०२१ मध्ये जपानच्या क्योटो विद्यापीठात तर बॅकअपच्या प्रोग्रॅमनेच घात केला. सुपरकॉम्प्युटरवर बॅकअपची स्क्रिप्ट चालू असतानाच तिच्यावर सुधारित स्क्रिप्ट चढवली गेली. चालू स्क्रिप्टने मधूनच नवा मजकूर वाचला, व्हेरिएबल (किंमत साठवणारी नावं) रिकामे राहिले, आणि जुने लॉग पुसण्याची आज्ञा संशोधकांच्या फायलींवर चालली. सुमारे ७७ टेराबाइट डेटा, ३ कोटी ४० लाख फायली गेल्या. १४ गटांना फटका बसला आणि त्यातल्या ४ गटांचा डेटा परत आणता आला नाही.

निदान तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, आणि एक प्रत दुसऱ्या इमारतीत किंवा दुसऱ्या गावात ठेवा. त्यातली एक कोणत्याही मशीनला जोडलेली नको. रॅन्समवेअर शिरलं की जोडून ठेवलेली एक्स्टर्नल डिस्कही सर्व्हरबरोबर कुलूपबंद होते.

शेवटच्या फोल्डरची झिप करून मोकळं होणं

झिपमध्ये कोड असतो, पण तो कसा वाढला, कोणती ओळ कुणी आणि केव्हा लिहिली, हे नसतं. मालकीचा वाद उभा राहतो तेव्हा विचारणा नेमकी त्याचीच होते.

बर्कलेचं उदाहरण बघा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या तिथल्या गटाने युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टमवरून बीएसडी ही आपली आवृत्ती वाढवली होती. एटी अँड टीच्या यूएसएल या कंपनीने १९९२ मध्ये बीएसडी विकणाऱ्या बीएसडीआय या कंपनीवर दावा लावला आणि पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठालाही त्यात ओढलं; बीएसडीमध्ये आमचा युनिक्सचा कोड आहे, असं त्यांचं म्हणणं. विद्यापीठाने उलट दावा केला की तुमच्या सिस्टम फाइव्ह या युनिक्समध्ये आमचा कोड आहे आणि त्याचं श्रेय तुम्ही दिलेलं नाही. वाद फाईलगणिक तपासावा लागणार होता. बर्कलेच्या गटाने एससीसीएस या तेव्हाच्या प्रणालीत बदलांचा इतिहास ठेवलेला होता. १९९४ च्या सुरुवातीला तडजोड झाली, तेव्हा सुमारे १८ हजार फायलींपैकी फक्त तीन काढाव्या लागल्या आणि सुमारे ७० फायलींवर यूएसएलची कॉपीराइट-नोंद घालावी लागली. उरलेलं बीएसडी मोकळं झालं.

तेव्हा रिपॉझिटरी (कोड आणि त्याच्या बदलांचा इतिहास असलेला साठा) घेताना गिट या आजच्या प्रणालीत प्रत उतरवणाऱ्या क्लोन या आज्ञेला मिरर हा पर्याय द्या, म्हणजे सगळ्या शाखा आणि टॅग येतात. मग गिट बंडलने त्याची एकच फाईल करून ठेवा.

इथे एक अडचण हमखास येते. संग्रह उघडला, आणि २०० एमबीच्या मॉडेल-फाईलच्या जागी तीन ओळींची टेक्स्ट फाईल दिसली: पहिल्या ओळीत व्हर्जन, दुसरीत शा-२५६ चा लांबलचक आकडा (हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेला ठसा; मजकूर बदलला की तोही बदलतो), तिसरीत आकार. फाईल खराब झालेली नाही. ती मोठ्या फायली वेगळ्या ठेवणाऱ्या गिट एलएफएसची नुसती खूणचिठ्ठी आहे; खरी फाईल अजून सर्व्हरवरच आहे. सर्व्हर जिवंत आहे तोवर एलएफएसच्या सगळ्या फायली वेगळ्या उतरवून घ्या. सबमॉड्यूल (आत जोडलेल्या दुसऱ्या रिपॉझिटऱ्या), विकी आणि इश्यूंवरची (नोंदवलेल्या अडचणींवरची) चर्चा यांचंही तसंच. साध्या क्लोनमध्ये त्या येत नाहीत. अमुक निर्णय का घेतला, हे बरेचदा इश्यूंच्या चर्चेतच लिहिलेलं असतं.

फुकट जागेवर विसंबणं

गूगल कोड ही कोड ठेवायची सेवा बंद करण्याची घोषणा २०१५ मध्ये झाली. बिटबकेट या तशाच सेवेने २०२० मध्ये मर्क्युरियल या गिटसारख्या प्रणालीच्या रिपॉझिटऱ्या काढून टाकल्या. शिक्षणसंस्थांना गूगलवर अमर्याद मिळणारी जागा २०२२ पासून सगळ्या संस्थेत मिळून १०० टेराबाइटवर आली. खुला करायचा कोड असेल तर फ्रान्सच्या इनरियाने २०१६ मध्ये सुरू केलेल्या सॉफ्टवेअर हेरिटेज या सोर्स कोडच्या संग्रहात टाका. सर्नच्या झेनोडो या संग्रहावर डीओआय, म्हणजे कायमचा ओळख-क्रमांकही मिळतो. शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात प्रबंध जातो, पण प्रबंध जमा झाला म्हणजे कोड जपला गेला असं होत नाही.

पेटंटचा विचार असेल तर आधी अर्ज, मगच कोड खुला. पेटंट कायद्याच्या कलम ३(के) नुसार नुसत्या संगणक-प्रोग्रॅमला आपल्याकडे पेटंट मिळत नाही, पण तांत्रिक शोधाचा तो भाग असेल तर विद्यापीठाच्या आयपीआर (बौद्धिक संपदा हक्क) सेलला विचारल्याशिवाय काहीही जाहीर करू नका.

‘कोड विद्यापीठाचाच’ असं गृहीत धरणं

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार नोकरीच्या कामात लिहिलेल्या कोडचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. विद्यार्थी नोकर नाही. त्याने काही लिहून दिलेलं नसेल तर कोड त्याचाच राहतो. शिवाय हक्क लिहून घेताना मुदत घालायला बरेचजण विसरतात. कलम १९ प्रमाणे मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. सहीचा कागद कोडच्याच संग्रहात, त्याच क्रमांकाखाली ठेवा.

कॉपीराइट कार्यालयात नोंदणी केली म्हणजे कोड तिथे सुरक्षित आहे, हाही गैरसमज दिसतो. नोंदणीला कोडची पहिली दहा आणि शेवटची दहा पानं पुरतात. बाकीचा कोड तुम्हालाच सांभाळायचा आहे.

कमिटवरची, म्हणजे गिटमधल्या बदलाच्या नोंदीवरची, तारीखही पुरावा म्हणून लंगडी पडते, कारण ती लिहिणारा स्वतः बदलू शकतो. जमा करतानाच बंडलचा शा-२५६ हॅश काढा आणि जावक क्रमांकाच्या पत्रावर छापून सही-शिक्क्यानिशी ठेवा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात हॅश लिहावाच लागतो. तेव्हा जमा करतानाचा हॅश हाताशी असला, तर मधल्या काळात काही बदललं नाही हे दाखवता येतं.

इतिहासात राहिलेले पासवर्ड

पासवर्ड पुढच्या कमिटमध्ये पुसला तरी जुन्या कमिटमध्ये तो जसाच्या तसा असतो. आधी तो पासवर्ड किंवा की रद्द करा. इतिहास साफ करणं नंतर. गिट फिल्टर-रेपोने इतिहास बदलला की तिथून पुढचे सगळे कमिट-क्रमांकही बदलतात. म्हणून मूळ प्रत एन्क्रिप्ट करून मोहरबंद ठेवा आणि बाहेर द्यायला साफ केलेली प्रत वेगळी करा. एन्क्रिप्शनची किल्ली एकट्या प्राध्यापकांकडे नको. ते निवृत्त झाले की संग्रह असूनही उघडता येत नाही. दोन जबाबदार पदांकडे ती सीलबंद द्या, व्यक्तींच्या नावावर नाही.

कधीच उघडून न पाहणं

वर्षातून एकदा, त्या प्रकल्पावर कधीच काम न केलेल्या विद्यार्थ्याला कोरं मशीन आणि संग्रहाची प्रत द्या. इंटरनेट बंद ठेवा. आधी हॅश जुळवायचा, मग बिल्ड (कोडपासून चालणारा प्रोग्रॅम तयार करणं), मग पेपरमधली एक आकृती पुन्हा काढायची. बहुधा तो लायब्ररीच्या (कोडमध्ये वापरलेल्या दुसऱ्यांच्या तयार कोडच्या) आवृत्तीवर अडेल, कारण यादीत नाव असतं पण आवृत्ती नसते. किंवा कुणाच्या तरी होम फोल्डरचा पत्ता कोडमध्ये तसाच राहिलेला असेल. आवृत्त्या पक्क्या करा, लायब्रऱ्यांच्या फायली संग्रहातच घाला, आणि तो जिथे जिथे अडला ती प्रत्येक जागा रीडमी या माहितीच्या फायलीत लिहा. दुरुस्त प्रत जुनीच्या शेजारी, नव्या हॅशसह जमा करा. जुनीला हात लावू नका.