टॉर्च खिशात घालण्याआधी

रोज जवळ बाळगायची टॉर्च निवडायला बसलं की पहिल्यांदा नजरेत भरतो तो लुमेनचा, म्हणजे एकूण उजेडाच्या मापाचा आकडा. तो आकडा जरा बाजूला ठेवा. हजार लुमेनची टॉर्च हातात आहे आणि अंधारात बटणच सापडत नाही, किंवा सापडलं आणि पहिल्याच दाबाला डोळे दिपले, तर त्या हजारांचं करायचं काय? दोन-तीन टॉर्च समोर ठेवून तुलना करायची तर सुरुवात बटणापासून करा. टिकाऊपणाचा प्रश्नही तिथूनच सुरू होतो. टॉर्च बिघडते ती बहुधा बटण, आटे, स्प्रिंग अशा हलणाऱ्या आणि जोडाच्या जागी. आतला एलईडी सहसा त्या सगळ्यांना पुरून उरतो.

पहिल्या तपासणीसाठी खोलीतला दिवा मालवा आणि टेबलावर ठेवलेली टॉर्च चाचपडत उचला. अंगठा बटणावर किती लवकर पोचतो ते बघा. शेपटीला बटण असेल तर काम सोपं असतं, कारण टोकं दोनच: एकीकडे गुळगुळीत काच, दुसरीकडे रबर. बाजूला बटण असलेली गोल टॉर्च मात्र हातात फिरवत बसावी लागते. अशा टॉर्चचं बटण थोडं वर आलेलं आहे का, भोवती सपाट जागा किंवा खाच आहे का, हे बोटाने बघा. क्लिप बटणाच्या बरोबर विरुद्ध बाजूला असेल तर फार सोय होते. बोटं क्लिपवर पडली की अंगठा आपोआप बटणावर येतो. मग हेच सगळं ओल्या हातांनी करा, एकदा जाड हातमोजा घालून करा, आणि दरवेळी एकाच हाताने करा. पुढचं डोकं फिरवून लावायच्या टॉर्च इथेच मागे पडतात. त्यांची रचना साधी आणि टिकाऊ असते, पण दुसऱ्या हातात काही असलं की पंचाईत होते.

शेपटीच्या बटणातही दोन जाती आहेत. फॉरवर्ड क्लिकी अर्धं दाबलं की उजेड पडतो, बोट उचललं की जातो, आणि टक् आवाज होईपर्यंत दाबलं तर दिवा चालू राहतो. रिव्हर्स क्लिकीत आधी टक् करून बोट सोडायचं, मग उजेड येतो, आणि नंतर अर्धं अर्धं दाबून पातळी बदलायची. कुलपाचं भोक बघायला दोन सेकंद उजेड हवा असतो, तिथे फॉरवर्ड बरं. कामात असताना वरचेवर पातळी कमी-जास्त करायची असेल तर रिव्हर्स सोयीचं. वर्णनात जात लिहिलेली नसेल तर हातात घेऊन अर्धं दाबून बघा, लगेच कळतं.

टिकण्याचा भाग इथेच येतो. शेपटीच्या यांत्रिक बटणातून टॉर्चचा सगळा प्रवाह जातो. वर्षानुवर्षांच्या वापराने आतले संपर्क काळे पडतात आणि एक दिवस उजेड लुकलुकायला लागतो. पण बंद म्हणजे पूर्ण बंद, सेलमधून काहीच जात नाही. शिवाय हे बटण बहुतेक वेळा बदलता येतं. शेपटीचं झाकण उघडून आत बघा. दोन छोट्या खाचा असलेली आट्यांची कडी दिसली तर ती सुटते, आणि आतलं बटण काढून नवीन घालता येतं. कडी दिसत नसेल आणि सगळं ठोकून बसवलेलं असेल तर दुरुस्तीची आशा कमी. बाजूच्या इलेक्ट्रॉनिक बटणाची गोष्ट उलटी. ते सर्किटला फक्त इशारा देतं, त्यामुळे प्रवाहाने जळत नाही, आणि त्याचा दाबही हलका असतो. पण ते आत सोल्डर केलेलं असतं. बिघडलं की घरी हात घालता येत नाही.

इलेक्ट्रॉनिक बटण इशाऱ्याची वाट बघत जागं राहतं, म्हणून टॉर्च बंद असतानाही थोडा प्रवाह खात राहतं. ही गळती किती आहे ते विचारा. ३००० मिलिअँपिअर-तासांचा सेल आणि २० मायक्रोअँपिअर गळती असेल तर हिशेबाने सतरा वर्षं निघतात, म्हणजे सेल त्याआधीच म्हातारा होईल. पण गळती १ मिलिअँपिअर असेल तर तोच सेल सव्वाशे दिवसांत रिकामा. गाडीच्या कप्प्यात पडून राहणाऱ्या टॉर्चसाठी हा फरक जिवाचा आहे. असल्या जागी मी यांत्रिक बटणाचीच टॉर्च ठेवते.

आता एक कागद घ्या. टॉर्च बंद असताना एक दाब, लांब दाब, दोन दाब, तीन दाब यांनी काय होतं ते प्रत्येक टॉर्चसमोर लिहा. कागदावर उतरवलं की गोंधळ उघडा पडतो. सगळ्यात महत्त्वाची ओळ पहिली: एका दाबाला किती उजेड? मागची पातळी लक्षात ठेवणारी टॉर्च दिवसा फार सोयीची, पण काल पूर्ण उजेडावर बंद केली असेल तर मध्यरात्री तोच उजेड तोंडावर येतो. डोळ्यांना अंधाराची पुरती सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि ती एका झोतात जाते. माझ्याकडून हे झालं होतं. आजारी माणसाच्या उशाशी बसले होते, औषधाची बाटली बघायला टॉर्च लावली आणि भिंत पांढरीफटक झाली. ते दचकून उठले, पुन्हा झोप लागेना. तेव्हापासून बंद अवस्थेतून थेट सर्वांत मंद उजेड मिळतो की नाही, हे मी आधी बघते. एक-दोन लुमेनही अशा वेळी भरपूर होतात.

नियंत्रणाचा चांगला नमुना बघायचा असेल तर सेलीन स्क्रिव्हन यांनी लिहिलेलं अँड्युरिल बघा. हे खुलं फर्मवेअर, म्हणजे टॉर्चच्या आत चालणारं सॉफ्टवेअर, अनेक उत्पादकांच्या टॉर्चमध्ये येतं. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत बंद टॉर्चवर एक दाब म्हणजे चालू, धरून ठेवलं की सर्वांत मंद, दोन दाब सर्वांत प्रखर, तीन दाब बॅटरीची स्थिती, चार दाब कुलूप, म्हणजे चुकून बटण दाबलं गेलं तरी टॉर्च लागू नये यासाठी. चालू असताना बटण धरून ठेवलं की उजेड हळूहळू चढतो. आत याहून कितीतरी अधिक दडलेलं आहे, पण ज्याला नको त्याच्यासाठी साधी पद्धत वेगळी ठेवली आहे. घरातल्या सगळ्यांनी वापरायची टॉर्च असेल तर कागद न दाखवता ती दुसऱ्याच्या हातात द्या. त्याने पहिल्या झटक्यात लावली आणि बंद केली तर ती पास. लुकलुकणारा स्ट्रोब साध्या दाबांच्या रांगेत मध्येच येत असेल तर ती टॉर्च मी सरळ बाजूला ठेवते.

लुमेनकडे आता वळा, पण एफएल-१ या प्रमाणपद्धतीचं चिन्ह आहे का ते बघूनच. ही पद्धत २००९ साली आली. तीत उजेड मोजायला टॉर्च लावल्यावर तीस सेकंदांनी सुरुवात होते, आणि चालण्याचा काळ धरतात तो उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंत. म्हणजे खोक्यावर हजार लुमेन आणि तीन तास शेजारी छापलेले असले तरी तीन तास हजार लुमेन मिळतील असं नाही. छोटी टॉर्च तापते आणि स्वतःच उजेड उतरवते. त्यात गैर काही नाही, उलट न उतरवणारी टॉर्च हात भाजेल. तुलना करायची ती उतरल्यानंतर स्थिर राहणाऱ्या उजेडाची. दाखवलेला पल्लाही असाच समजून घ्या. पृष्ठभागावर पडणारा उजेड लक्समध्ये मोजतात; तो पाव लक्सवर, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका होतो, तिथवरचं ते अंतर असतं. तिथे माणूस आहे एवढं कळेल, चेहरा ओळखू येणार नाही.

त्याच खोक्यावर आपटण्याची उंची आणि पाण्याचं चिन्ह असतं. आपटण्याची चाचणी काँक्रीटवर, निदान एक मीटरवरून. खिशातून निसटलेली टॉर्च साधारण तेवढ्याच उंचीवरून पडते, पण कानाशी धरलेली दीड मीटरवरून, तेव्हा दीड-दोन मीटर लिहिलेली घ्या. आयपीएक्स ४ म्हणजे सगळीकडून उडणारं पाणी, आयपीएक्स ७ म्हणजे एक मीटर पाण्यात तीस मिनिटं, आणि आयपीएक्स ८ म्हणजे त्याहून कठीण, खोली उत्पादक सांगेल ती. मधला एक्स म्हणजे धुळीची चाचणी नोंदवलेली नाही. वाळूत, सिमेंटमध्ये काम असेल तर आयपी ६८ शोधा. आणि हे सगळे आकडे नव्या टॉर्चचे आहेत, झिजलेल्या ओ-रिंगचे, म्हणजे जोडातून पाणी आत येऊ न देणाऱ्या रबरी कडीचे, नाहीत.

म्हणून झाकण उघडा आणि आटे बघा. ते जाड आणि सपाट माथ्याचे असावेत, टोकदार बारीक आटे लवकर झिजतात. झाकण फिरवताना वाळू भरल्यासारखी करकर ऐकू आली तर नव्या टॉर्चमध्येही ते वाईट लक्षण. आट्यांचा रंग बाकीच्या नळीसारखाच असेल तर त्यांवरही ॲनोडायझिंग, म्हणजे ॲल्युमिनियमवर चढवलेला कठीण संरक्षक थर आहे. तो थर वीज वाहू देत नाही, म्हणून झाकण पाव फेरा सैल केलं की टॉर्च पुरती बंद होते. खिशात आपोआप लागू नये म्हणून यासारखा उपाय नाही. ताकदवान टॉर्च खिशात चुकून लागली तर कापड करपवू शकते. आटे चंदेरी असतील तर ही सोय बहुधा नाही, मग बटणाचं कुलूप बघा. बाहेरचा थर हार्ड ॲनोडायझिंगचा, म्हणजे तिसऱ्या प्रकारचा असेल तर किल्ल्यांबरोबर राहूनही चरे कमी पडतात. चरे पडले तरी हरकत नाही म्हणा, ते दिसण्यापुरतेच.

ओ-रिंग नखाने हलकी दाबा. चीर दिसली तर बदला. सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात पुरतो, पण रिंग स्वतःच सिलिकॉनची असेल तर तेच ग्रीस तिला फुगवतं, तेव्हा माहितीपत्रक वाचून लावा. स्प्रिंग दोन्ही टोकांना असेल तर आपटल्यावर सेल क्षणभरही सुटत नाही.

साधे अल्कलाइन सेल घातलेली एक छोटी टॉर्च मी दीड वर्ष कप्प्यात विसरले होते. झाकण फिरेना. पक्कड लावून फिरवलं तर आट्यांमधून पांढरी भुकटी निघाली, आणि सेल नळीला असा चिकटला की ठोकूनही हलला नाही. गळणारं पोटॅशियम हायड्रॉक्साइड ॲल्युमिनियमलाच खातं. म्हणून पडून राहणाऱ्या टॉर्चमध्ये लिथियमचे एकदाच वापरायचे सेल किंवा निकेल मेटल हायड्राइड घाला, नाहीतर सेल बाहेर काढून शेजारी ठेवा. १४५०० हा रिचार्ज होणारा लिथियम सेल डबल-ए च्याच आकाराचा असतो पण पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट देतो. टॉर्चवर तसं लिहिलेलं नसेल तर घालू नका.

चार्जिंगचं भोक असेल तर त्याची रबरी पट्टी दहा वेळा उघडझाप करून बघा, ती घट्ट बसते का, की कड वर येते. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली केबलही लावून बघा. काही टॉर्च त्या केबलवर चार्जच होत नाहीत आणि हे प्रवासात कळून उपयोग नाही. क्लिप अंगठ्याने जोरात ओढा. नुसती दाबून बसवलेली क्लिप निघाली तर टॉर्चही गेली, स्क्रूची असेल तर स्क्रू आवळून घ्या.

निवड झाली की आठवडाभर ती एकाच खिशात, एकाच दिशेने ठेवा, म्हणजे हात न शोधता पोचेल. सेलवर चिकटपट्टी लावून पहिल्या वापराची तारीख लिहा, आणि जादा ओ-रिंगांची पुडी फेकलेल्या खोक्यात गेली नाही ना, ते आजच बघा.