छोट्या फ्लॅटमध्ये बिअरचं मोठं कलेक्शन ठेवताय? या चुका टाळा

कलेक्शन वाढायला लागलं की सगळे एकच विचारतात, जागा कुठून आणू. माझ्या मते हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा आहे. पहिला प्रश्न, यातल्या किती बाटल्या मुळात ठेवण्यासारख्या आहेत? एकदा तो सुटला की छोट्या घरातही बरीच जागा निघते आणि पैसेही फारसे लागत नाहीत. तो न सोडवता रॅक, जादा फ्रिज, वाइन कूलर असं विकत घेत बसलं की खर्च होतो, घर भरतं आणि बिअर तरीही खराब होतेच.

सगळ्याच बाटल्या जपून ठेवणं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि महागही हीच पडते. बिअर वाइनसारखी वर्षानुवर्षं सुधारत जाते असा समज फार पसरलाय, पण बहुतेक बिअर ज्या दिवशी ब्रुअरीतून निघते त्या दिवशीच सगळ्यात छान असते. आयपीए (इंडिया पेल एल), पेल एल, पिल्सनर, गव्हाची बिअर, साधी लागर या सगळ्या ताज्याच प्यायच्या. आयपीएमधला हॉप्सचा (बिअरला वास आणि कडवटपणा देणाऱ्या फुलांचा) वास सगळ्यात आधी जातो, मग कडवटपणा बोथट होतो, आणि मागे उरतो एक गोडसर, जड माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) स्वाद जो ब्रुअरला कधीच अपेक्षित नव्हता. डबल आयपीए ८-९ टक्के अल्कोहोलची असते म्हणून टिकेल असं वाटतं, पण तिची मजा हॉप्समध्येच आहे, त्यामुळे तीही लवकर संपवा.

ठेवण्यासारख्या म्हणजे बार्लीवाइन (नावात वाइन असली तरी ही बिअरच), इम्पीरियल स्टाउट (काळी, जास्त अल्कोहोलची बिअर), ओल्ड एल, बेल्जियन क्वाड्रुपेल, आणि आंबट बिअरमध्ये गूझ. ढोबळ नियम असा की ८ टक्क्यांच्या वर अल्कोहोल, गडद रंग, भरपूर माल्ट, आणि बाटलीत जिवंत यीस्ट असेल तर उत्तमच. रोशफोर्त १० ही बेल्जियन बिअर ११.३ टक्क्यांची आहे, तिला वेळ दिला की मनुका-खजुरासारखा स्वाद येत जातो. या नियमाला अपवादही आहेत. ओर्वाल ही बेल्जियन बिअर जेमतेम ६.२ टक्के, पण तिच्यात ब्रेटॅनोमायसिस नावाचं यीस्ट असतं आणि बाटलीतही ते महिनोन् महिने हळूहळू काम करत राहतं, त्यामुळे ताजी ओर्वाल आणि वर्षभर ठेवलेली ओर्वाल या जवळजवळ दोन वेगळ्या बिअर लागतात. स्टाउटमध्ये कॉफी घातलेली असेल तर मात्र थांबू नका, कॉफीचा ताजा वास स्टाउटच्या कितीतरी आधी उडून जातो.

तर एका सुट्टीच्या दिवशी सगळं बाहेर काढा आणि तीन ढीग करा. लगेच प्यायच्या, काही महिन्यांत संपवायच्या, आणि खरंच वर्षानुवर्षं ठेवायच्या. तिसरा ढीग जवळजवळ नेहमीच अपेक्षेपेक्षा लहान निघतो. घरातला फ्रिज पहिल्या ढिगासाठी ठेवा आणि जागेची शोधाशोध फक्त तिसऱ्यासाठी करा. बरेच जण नेमकं उलटं करतात, भारी स्टाउट फ्रिजमध्ये जपतात आणि आयपीए बाहेर कपाटात गरम होत पडते, तेवढं करू नका.

गरमी मोजायचीच नाही

बिअर म्हातारी होते ती मुख्यतः ऑक्सिडेशनमुळे, बाटलीत भरताना आत राहिलेला थोडासा ऑक्सिजन आणि झाकणाच्या सीलमधून वर्षभरात हळूहळू शिरणारा ऑक्सिजन मिळून हे करतात, आणि तापमान वाढलं की हे सगळं झपाट्याने होतं. ब्रुअरीवाले ३-३०-३०० नावाचा एक नियम सांगतात, म्हणजे ३२ अंश सेल्सियसला ३ दिवसांत बिअरचं जेवढं नुकसान होतं तेवढंच २२ अंशांना ३० दिवसांत आणि ३ अंशांना ३०० दिवसांत होतं. हा काटेकोर हिशोब नाही, अंदाज आहे, पण नीट विचार केला की अंगावर येतो. उन्हाळ्यात बंद घर तापलं आणि तुम्ही आठवडाभर बाहेरगावी असलात तर त्या आठवड्यात बिअर कितीतरी महिने पुढे सरकलेली असते.

म्हणून सगळ्यात पहिली खरेदी रॅकची नको, एका साध्या थर्मामीटरची करा जो दिवसातलं सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी तापमान लक्षात ठेवतो. तो दोन-दोन दिवस वेगवेगळ्या कोपऱ्यात ठेवून बघा. एकाच फ्लॅटमध्ये जागेजागेला चांगलाच फरक निघतो. गरम हवा वर चढते त्यामुळे माळा आणि कपाटाचा वरचा कप्पा या सगळ्यात वाईट जागा, आणि लोक बाटल्या ठेवतात त्या तिथेच, कारण रिकामं तिथेच असतं. फ्रिजच्या डोक्यावर, गिझरजवळ, ओव्हनशेजारी, दुपारचं ऊन खाणाऱ्या भिंतीला लागून, अजिबात नको. चांगल्या जागा म्हणजे आतल्या भिंतीला लागलेल्या कपाटाचा अगदी तळ, पलंगाखाली, पॅसेजमधल्या कपाटाचा खालचा कप्पा. फरशीला जितकं जवळ तितकं बरं.

आदर्श तापमान १० ते १३ अंश मानतात. ते विनाखर्च मिळणार नसेल तर निराश होऊ नका, २० च्या आसपास स्थिर राहणारी अंधारी जागा दणकट, म्हणजे जास्त अल्कोहोलच्या, बिअरसाठी चालते, फक्त तिथे जास्त वर्षांचा बेत करू नका आणि जरा लवकर उघडत जा.

इथेच थर्मोकोलचा गैरसमज सांगतो. थर्मोकोलच्या पेटीत बाटल्या ठेवल्या की त्या थंड राहतील असं नाही. थर्मोकोल थंडावा तयार करत नाही, फक्त चढउतार मंद करतो, खोली आठवडाभर ३० अंशांवर असेल तर पेटीतही शेवटी ३० च होणार. दिवसा तापणारी आणि रात्री उतरणारी खोली असेल तर मात्र पेटीचा फायदा आहे, आत सरासरी तापमान मिळतं आणि दुपारचा कळस टळतो. बाटल्या एकमेकींना चिकटवून गच्च ठेवा, एवढं सगळं द्रव एकत्र असलं की तेही तापमान लवकर बदलू देत नाही.

शोकेस करणं

ओळीने मांडलेल्या बाटल्या सुंदर दिसतात, मान्य. पण प्रकाश हा बिअरचा असा शत्रू आहे जो वर्षं घेत नाही, मिनिटं घेतो. हॉप्समधली कडवट द्रव्यं प्रकाशात तुटतात आणि त्यातून एक सल्फरयुक्त द्रव्य तयार होतं, ज्याचा उग्र वास स्कंक नावाच्या प्राण्याच्या फवाऱ्याशी मिळताजुळता असतो, आणि ते इतकं तीव्र असतं की अगदी नगण्य प्रमाणातही नाकाला कळतं. पारदर्शक बाटली उन्हात काही मिनिटं राहिली तरी पुरतं. हिरवी काच जेमतेम थोडी बरी, तपकिरी काच बराचसा घातक प्रकाश अडवते पण सगळा नाही, कॅनमध्ये हा प्रश्नच नाही. आणि फक्त ऊनच नाही, ट्यूबलाइटखालीही हे होतं, फक्त हळू.

काचेच्या दाराचा डिस्प्ले फ्रिज असेल तर आतली लाइट बंद करा आणि दाराला आतून काळा कागद लावा. शोकेसची हौस असेल तर रिकाम्या बाटल्या मांडा, भरलेल्या अंधारात. खोक्यातून आलेल्या बाटल्या खोक्यातच राहू द्या, पुठ्ठा फुकट आहे, प्रकाश पूर्ण अडवतो आणि मधले पार्टिशन बाटल्या आपटू देत नाहीत, पैसे देऊन यापेक्षा चांगलं काही मिळत नाही.

आडव्या ठेवणं

वाइन आडवी ठेवतात ती कॉर्क ओला राहावा म्हणून. क्राउन कॅपला, म्हणजे बिअरच्या नेहमीच्या धातूच्या दातेरी झाकणाला, त्याची गरज नाही. बाटली उभी असेल तर हवेच्या संपर्कात येणारा बिअरचा पृष्ठभाग कमी राहतो आणि यीस्टचा गाळ तळाशी बसतो, ओतताना तो मागे ठेवता येतो. आडवी ठेवली की गाळ बाजूला चिकटतो आणि सगळा ग्लासात येतो. गूझसारख्या कॉर्कवाल्या बाटल्या काही ब्रुअर स्वतः आडव्या ठेवतात, तो त्या बाटल्यांपुरता अपवाद. पलंगाखाली उभ्या ठेवायच्या असतील तर आधी उंची मोजा, ३३० मिलीची बाटली साधारण २३ सेंटीमीटर असते, ७५० ची ३० च्या आसपास. मोठ्या बसत नसतील तर पलंगाखाली छोट्या आणि कॅन, कपाटाच्या तळाशी मोठ्या, अशी वाटणी करा.

वजनाचंही बघा. ३३० मिलीची भरलेली काचेची बाटली अर्ध्या किलोच्या वर जाते, २४ चं खोकं १३-१४ किलोचं होतं, आणि अशी चार खोकी भिंतीला ठोकलेल्या शेल्फवर चढवायची नसतात. खालीच ठेवा. आणि काही ठिकाणी घरात किती बिअर ठेवता येते यावर कायद्याची मर्यादा असते, तीही एकदा तपासून घ्या.

चुकीचं मशीन घेणं

स्वस्त आणि छोटे वाइन कूलर बरेचदा थर्मोइलेक्ट्रिक, म्हणजे कॉम्प्रेसरशिवाय थंड करणारे, असतात. दिसायला छान, आवाज कमी, पण ते खोलीच्या तापमानापेक्षा ठराविक अंशच खाली जाऊ शकतात, म्हणजे खोली तापली की आतलंही चढतं, नेमकं जेव्हा गरज असते तेव्हाच ते कमी पडतात. त्यापेक्षा जुना, चालू कंडिशनमधला साधा एकदारी कॉम्प्रेसर फ्रिज घ्या आणि त्याला बाहेरून एक तापमान कंट्रोलर जोडा. हे छोटं यंत्र प्लग आणि फ्रिज यांच्यामध्ये बसतं, त्याचा सेन्सर आत टाकायचा, १२ अंश सेट करायचे, तेवढं झालं की ते फ्रिजचा वीजपुरवठा चालू-बंद करत राहतं. सेन्सर हवेत लोंबकळत ठेवू नका, एखाद्या भरलेल्या बाटलीला टेपने चिकटवा, नाहीतर दार उघडलं की लगेच कॉम्प्रेसर सुरू होईल आणि सारखा चालू-बंद होऊन लवकर मरेल.

हा फ्रिज बंद कपाटात कोंबू नका. फ्रिज आतली उष्णता बाहेर फेकतो, ती निघायला मागे-बाजूला मोकळी जागा लागते. १२ अंशांवर चालणाऱ्या फ्रिजला ४ अंशांवाल्यापेक्षा वीजही कमी लागते. आत दमट होतं, लेबलांवर बुरशी येते आणि झाकणं गंजतात, त्यासाठी सिलिका जेलची पाकिटं टाका आणि ती अधूनमधून सुकवा. ज्या बाटल्यांची लेबलं तुम्हाला प्रिय आहेत त्यांना पारदर्शक फिल्म गुंडाळा.

नोंद न ठेवणं

खोक्यात उभ्या बाटल्यांची फक्त झाकणं दिसतात. म्हणून झाकणावर छोटा गोल स्टिकर लावून त्यावर नाव आणि घेतल्याचा महिना-वर्ष लिहा. फोनमध्ये साधी स्प्रेडशीट ठेवा, बिअर, किती नग, बॉटलिंगची तारीख, कुठल्या खोक्यात, कधीपर्यंत उघडायची. शेवटचा कॉलम सगळ्यात महत्त्वाचा आहे कारण खास प्रसंगाची वाट बघत बाटली तिचा काळ ओलांडून जाते. जी बिअर ठेवायची ती शक्यतो दोन-तीन नग घ्या आणि एक ताजी प्या, त्याशिवाय ठेवल्याने फायदा झाला की तोटा हे कळणारच नाही. आणि पहिलीच बाटली थकलेली वाटली तर उरलेल्या अजून ठेवू नका, मित्रांना बोलवा आणि उघडा.

काहीतरी बिघडलंय असं वाटलं तर

ओल्या पुठ्ठ्यासारखी चव आली तर ते ऑक्सिडेशन, म्हणजे गरमी किंवा वय. त्याच खोक्यातल्या बाकीच्या बाटल्या लगेच थंड जागी हलवा, झालेलं परत येत नाही पण पुढचं मंदावतं. गडद दणकट बिअरमध्ये थोडा शेरीसारखा स्वाद आला तर तो याच प्रक्रियेचा, आणि बऱ्याच जणांना तो आवडतो.

स्कंकी वास आला तर प्रकाश. थंड केलेली बाटली परत गरम झाली म्हणून असा वास येतो हे जे सर्रास सांगतात ते खरं नाही, तापमानाने स्कंकी होत नाही. त्यामुळे फ्रिजमध्ये जागा कमी पडली म्हणून बाटली दिवसभर बाहेर राहिली तर टाकून देऊ नका, फक्त हे रोज करू नका.

फ्रिजमध्ये ठेवल्यावर बिअर गढूळ झाली आणि कोमट झाल्यावर परत स्वच्छ दिसली तर ती चिल हेझ, प्रथिनं आणि पॉलिफेनॉल थंडीत एकत्र येतात म्हणून, काळजी नको. फ्रीजरमध्ये विसरलेली बाटली हा मात्र खरा धोका आहे, ५ टक्क्यांची बिअर उणे २-३ अंशांच्या आसपास गोठायला लागते, फुगते आणि काच तडकते.

सगळ्यात गंभीर गोष्ट म्हणजे फुगलेला कॅन किंवा उघडताच जोरात उसळणारी बाटली. आत परत फर्मेंटेशन सुरू झालेलं असू शकतं, विशेषतः फळांचा गर घातलेल्या आणि पाश्चराइझ न केलेल्या बिअरमध्ये, त्यामुळे अशा बिअर कपाटात कधीच ठेवू नका, कायम फ्रिजमध्ये. फुगलेला कॅन दिसला तर त्याला धक्का लागू देऊ नका, जाड टॉवेलात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा, पूर्ण थंड झाल्यावर सिंकमध्ये चेहऱ्यापासून लांब धरून अगदी हळू उघडा आणि ओतून टाका. त्याच बॅचचे बाकीचे कॅनही त्याच दिवशी थंड करा, आणि तोपर्यंत ते खोकं झोपायच्या खोलीतून बाहेर काढा.